सुरगाठ

"मीठ बघा हो जरा," काकू म्हणाल्या आणि त्यांनी भाजीचा चमचा मीटरकाकांच्या तोंडापुढे धरला.

काकांनी चाखलं. "बरोबर आहे."

"नक्की? की मला बरं वाटावं म्हणून म्हणताय?"

"अगं, बरोबर आहे म्हटलं ना!" काका उगाचच खेकसले आणि मागच्या दारानं परसात निघून गेले.

आता एवढ्याशा मिठावरून माणसानं खेकसावं असं काय झालं होतं? पण खाई त्याला खवखवे. काकूंनी तीस वर्षं कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये चारशे माणसांचा स्वयंपाक केला होता आणि त्यांचं मीठ कधी चिमूटभर इकडचं तिकडं झालं नव्हतं. अशी बाई गेली दोन वर्षं रोज चमचा घेऊन नवऱ्यापुढे उभी राहत होती. आपली जीभ गेली, असं तिच्या मनानं घेतलं होतं. जीभ गेलेली नाही हे जगात एकाच माणसाला ठाऊक होतं, आणि तो माणूस आत्ता परसात तोंड लपवून उभा होता.

काका पाणीखात्यात घरोघरचे मीटर वाचायचे, म्हणून मीटरकाका. नोकरी संपली तरी नाव चिकटलं ते चिकटलंच. घरामागे दोघं मिळून कोबी लावायचे. बियाणं काकूंच्या वडिलांचं; ते माळी होते. गड्डा लहान, टोकाला निमुळता, पण पान कच्चं खाल्लं तरी आधी करकर, मग जिभेला बारीकसा चटका आणि गिळल्यावर मागून गोडवा. वडिलांनी लेकीला बजावलं होतं, "कोबी डोळ्यांनी निवडू नकोस पोरी, जिभेनं निवड." म्हणून काकू दर हंगामात चाळीसही झाडांचं एकेक पान चाखायच्या आणि सगळ्यांत गोड पाच झाडांच्या बुंध्याला लाल दोरा बांधायच्या. ती झाडं कापायची नाहीत. थंडी सरली की त्यांच्या गड्ड्यावर सुरीनं फुली मारायची, मग त्यातून तुरा वर येतो, फुलं येतात, शेंगा धरतात आणि पुढच्या लागवडीचं बी मिळतं.

दोरा बांधायचा तो सुरगाठीनं. बुंधा जाड होत जातो. निरगाठ मारली तर दोरा रुततो. सुरगाठ एका बोटानं ओढली की सुटते, सैल करून पुन्हा बांधता येते. सगळा घोटाळा त्या सुरगाठीमुळे झाला. छे, गाठीला कशाला बोल लावायचा! घोटाळा काकांनी केला.

शेजारचा शिंपी दरवर्षी भाज्यांच्या प्रदर्शनातली ढाल घरी न्यायचा. त्याचा कोबी म्हणजे नुसती उशी. "मीटरकाका, तुमचा कोबी झकास आहे हो, फक्त बघायला भिंग लागतं," असं तो एकदा चारचौघांत म्हणाला. लोक हसले. काकूही हसल्या. काकांच्या ते जिव्हारी लागलं. प्रदर्शनात परीक्षक काही कोबी चाखत नाहीत, सरळ काट्यावर ठेवतात. त्या हंगामात काकूंनी दोरे बांधले, आणि दुसऱ्या सकाळी त्या अंघोळीला गेल्या नि न्हाणीघरात पाण्याचा आवाज सुरू झाल्याबरोबर काकांनी पाचही दोरे सोडून पाच दांडग्या झाडांना बांधले. पाणी थांबायच्या आत ते खुर्चीत बसून पेपर वाचत होते. काकूंनी निवडलेले गोड गड्डे त्यांनी पोस्टमनला आणि खुद्द शिंप्याला वाटून टाकले. जुन्या बियांची उरलेली बाटली चुकून पेरली जाऊ नये म्हणून नळाच्या वॉशरच्या डब्यात दडवली.

एकदाच करायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. सहा वर्षांत तीनदा केलं. तिसऱ्या खेपेला ढाल घरी आली. काकूंनी ती बैठकीच्या खोलीत लावली आणि रोज फडक्यानं पुसू लागल्या.

गड्डे फुगत गेले तशी चव उतरत गेली. नाव मोठं, लक्षण खोटं. एक दिवस काकूंनी पान चावलं, थांबल्या, दुसऱ्या झाडाचं चावलं. "अहो, पाणी चावल्यासारखं लागतंय. तुम्हाला?"

"मला तर गोड लागतं," काका म्हणाले.

तिथून सगळं बिनसलं. डॉक्टर म्हणाले, वय झालं की जीभ बोथट होते. गोळ्या लिहून दिल्या. एकदा संशय शिरला की तो काय कोबीपुरता राहतो? भाजीत मीठ घालताना काकूंचा हात थांबायला लागला. कॅन्टीनमधून बोलावणं आलं, नव्या बायकांना शिकवायला आठवड्यातून दोन दिवस या म्हणून. "मीठ न कळणाऱ्या बाईनं काय शिकवायचं?" असं म्हणून काकूंनी नकार धाडला आणि कॅन्टीनचा एप्रन घडी करून ट्रंकेच्या तळाशी ठेवला. काका हे सगळं बघत होते. रोज सांगायचं ठरवायचे आणि रोज कच खायचे.

यंदा मात्र त्यांनी वॉशरच्या डब्यातली बाटली काढली. चिठ्ठीवर काकूंचं अक्षर होतं, 'बाबांचा. गोड.' जुनं बी ते. साठ दाणे पेरले, तीन उगवले. ती तीन रोपं काकांनी परसाच्या कोपऱ्यात तळहातावरच्या फोडासारखी जपली.

आज ते गड्डे घट्ट झाले होते. काकांनी एक पान तोडून तोंडात टाकलं. करकर, चटका, गोडवा. सगळं जागच्या जागी होतं. दुसरं पान घेऊन ते स्वयंपाकघरात गेले.

"हे चाखून बघ."

"मला काय कळणार त्यातलं?"

"बघ तर खरं."

काकूंनी चावलं. चावता चावता थांबल्या. उरलेलं पान घाईघाईनं तोंडात कोंबलं. "अहो, लागतंय मला! गोड लागतंय! चटकासुद्धा लागला, अगदी बाबांच्या कोबीसारखा!" त्यांचे डोळे भरून आले. "आली हो माझी जीभ परत. गोळ्यांना गुण आला म्हणायचा."

काकांपुढे सुटकेची वाट सताड उघडी होती. गोळ्यांना गुण आला, विषय संपला. तोंड उघडायची गरजसुद्धा नव्हती.

"तुम्हाला मात्र फार छळलं हो मी," काकू डोळे पुसत म्हणाल्या. "रोज उठून मीठ बघा, मीठ बघा. दुसरा कोणी असता तर वैतागला असता."

हे मात्र काकांना गिळवेना.

"तुझी जीभ गेलीच नव्हती," ते म्हणाले. "ठणठणीत होती. कोबी बिघडला होता. मी बिघडवला."

मग त्यांनी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. शिंपी, दोरे, न्हाणीघरातलं पाणी, वॉशरचा डबा. काहीही गाळलं नाही.

"किती वेळा?" काकूंनी विचारलं.

"तीनदा."

"ढालीचं एक वेळ समजू शकते. शिंपी बोलला तेव्हा हसले होते मी, हसायला नको होतं. पण मी विचारलं, तुम्हाला कसं लागतं, तेव्हा गोड लागतं का म्हणालात?"

"लाज वाटली गं."

"लाज तुम्हाला वाटली, आणि दोन वर्षं शिव्या मी माझ्या जिभेला घातल्या."

काकूंनी आवाज चढवला नाही. चढवला असता तर काकांना बरं वाटलं असतं. त्यांनी पातेल्यावरचं झाकण काढलं, चमचाभर भाजी स्वतःच चाखली आणि म्हणाल्या, "मीठ कमी आहे." चिमूटभर मीठ घातलं, ढवळलं, ताटं वाढली.

जेवण झाल्यावर काका ढाल उतरवायला खुर्चीवर चढले.

"राहू दे तिथंच," काकू म्हणाल्या. पुसायचं फडकं त्यांनी खिडकीत टाकून दिलं होतं.

दुसऱ्या सकाळी काकूंनी ट्रंकेतून एप्रन काढून उन्हात टाकला. मग लाल दोऱ्याचं रीळ घेऊन एकट्याच कोपऱ्यातल्या तीन झाडांकडे गेल्या. काका खिडकीतून बघत राहिले. एकेका बुंध्याशी वाकून काकूंनी दोरा बांधला, आत आल्या आणि अंघोळीला गेल्या. पाण्याचा आवाज सुरू झाला.

काका दबक्या पावलांनी कोपऱ्यात गेले. आता निरगाठी असणार, कात्रीशिवाय न सुटणाऱ्या, हे त्यांनी मनात धरलंच होतं. आपली लायकीच ती, असंही मनाला समजावून झालं होतं. त्यांनी खालची पानं हळूच वर केली.

तिन्ही बुंध्यांना सुरगाठी होत्या. नेहमीसारख्याच, एका बोटानं ओढली की सुटेल अशा.

न्हाणीघरातलं पाणी त्या दिवशी बराच वेळ वाजत राहिलं. ते थांबेपर्यंत काका दोन्ही हात काखेत घट्ट दाबून झाडांपुढे उकिडवे बसून होते.