जुना दुभाष्या

जावयाने पुन्हा शीळ घालायला सुरुवात केली, तशी आक्कांनी हातातली कात्री टेबलावर आपटली. घराला आग लागली तरी हा माणूस शीळ घालेल आणि तीही बेसूर, ही त्यांची तीन वर्षांची तक्रार होती. भरतकामाचं मशीन सोमवारपासून मुकं पडलं होतं. दवाखान्याचे एकशेवीस कोट उद्या सकाळी द्यायचे होते, खिशावर नावं भरून. त्यातले ऐंशी अजून कोरे. आणि हे महाशय खिडकीशी उभे राहून शीळ घालतायत.

"जावईबापू, मशीन काय कुत्रं आहे? शीळ ऐकून शेपूट हलवत येईल?"

"नाही, आई." त्याने शीळ थांबवली.

आक्का कॉम्प्युटर दुरुस्त करायला आलेल्या बाईकडे वळल्या. "यांचाच उद्योग. बसल्या बसल्या काहीतरी दाबत असतात. मेकॅनिक फोनवर म्हणतो, मशीन म्हातारं झालं, नवं घ्या. पंधरा वर्षं या म्हाताऱ्याने घर चालवलंय."

जावयाने मान खाली घातली. नाही म्हणाला नाही.

दुरुस्तीवालीने मशीनची वायर काढून पुन्हा लावली, मग पडद्यावर एक लांबलचक यादी उघडली. आक्कांनी स्टूल ओढलं आणि तिच्या खांद्याला खांदा लावून बसल्या.

"काय शोधताय?"

"ड्रायव्हर."

"तो कशाला? मशीनला चाकं आहेत का?"

बाई हसली. "हा गाडीचा नव्हे. दुभाष्या समजा. कॉम्प्युटरचं बोलणं मशीनला समजावून सांगतो. तुमच्याकडे सोमवारी नवा आलाय आणि त्याला या मशीनची बोली येत नाही."

"मग जुना कुठे गेला?"

"बहुतेक इथेच असेल. नवा आला की कॉम्प्युटर आधीच्याला बाजूला ठेवून देतो, लगेच टाकत नाही. त्याला परत आणायचं हे बटण बघा. हे फिकं दिसलं, तर तो गेलाच म्हणायचं."

आक्कांनी चष्मा पुसला आणि नाक पडद्याला टेकेपर्यंत वाकल्या. शाळा तिसरीत सुटलेली, त्यातून अक्षरं परकी. पण फिकं आणि गडद यातला फरक त्यांना कोणी शिकवायला नको होता. आयुष्य दोऱ्यांत गेलं होतं.

"गडद आहे," त्या म्हणाल्या.

"आहे खरं." बाईने बटण दाबलं. "आता हा विचारतोय, जुना परत कशाला हवा?"

"सांगा, त्याला काम येतं म्हणून."

कॉम्प्युटर बंद होऊन पुन्हा सुरू व्हायला लागला. बाईने मघाशी यादीतल्या तारखा-वेळा टिपून ठेवलेला कागद पाहिला. "नवा आलाय सोमवारी दुपारी एक चाळीसला. पडद्यावर चौकट आली असणार, कोणीतरी त्यात हो म्हटलंय."

"मीच," जावई म्हणाला. जरा जास्तच चटकन.

आक्कांनी वळून त्याच्याकडे पाहिलं. सोमवारी दुपारी जावई दोऱ्याची रिळं आणायला गेला होता. त्यांनीच त्याला जेवणावरून उठवून पिटाळलं होतं. परतला तेव्हा तीन वाजून गेले होते. तोवर मशीनपाशी त्या एकट्याच होत्या. दोरा तुटला की मशीन थांबतं, मग पडद्यावर उजवीकडचं हिरवं बटण दाबायचं की काम पुढे चालू. त्या दिवशी पडद्यावर फुलाच्या चित्रावर एक चौकट येऊन बसली होती. तिच्यातही उजवीकडे हिरवं बटण होतं.

उजव्या हाताचं बोट त्यांनी हळूच मुठीत घेतलं.

मशीन एकदा खाकरलं. सुई वर गेली, खाली आली आणि पांढऱ्या खिशावर निळं पहिलं अक्षर उमटू लागलं. दुरुस्तीवाली पिशवी आवरून निघाली. जावयाने पुढचा कोट रिंगमध्ये ताणून बसवला. शिळेसाठी त्याच्या ओठांचा चंबू झाला. मग आठवण होऊन त्याने तोंड मिटलं.

आक्का सुईकडे बघत राहिल्या. नाव पूर्ण झालं, तेव्हा बोलल्या.

"जावईबापू, सोमवारी दुपारी तुम्ही दोऱ्याच्या दुकानात होतात. मीच पाठवलं होतं. खोटं बोलण्यात तुम्ही शिळेपेक्षाही कच्चे आहात. उद्यापासून, कुठल्या चौकटीला हो म्हणायचं आणि कुठल्या नाही, ते मला शिकवायचं. आणि घाला आता शीळ. तोंड कशाला मिटून घेतलंत?"