सेतच्या खिडकीतलं थाइम

गुड फ्रायडेला तोडलेलं थाइम, म्हणजे उतारावर उगवणारी ती सुवासिक रानवनस्पती, वर्षभर घर राखतं, अशी त्या डोंगरी गावाची समजूत. म्हणून बहात्तर वर्षांची एल्झीर यंदाही कात्री घेऊन डोंगराखालच्या खळग्याकडे निघाली. सोबत भाची होती, सिदोनी. तिची आई पोलोनी, म्हणजे एल्झीरची धाकटी बहीण, सहा महिन्यांपूर्वी समुद्रकाठच्या सेत शहरात वारली. एल्झीर मातीलाही गेली नव्हती.

भांडण एका झुडपावरून. गावात थाइम कापतात, उपटत नाहीत. चाळीस वर्षांपूर्वी लग्न होऊन जाताना पोलोनीने खळग्यातलं एक झुडूप मुळासकट नेलं. "ने, ने! समुद्राचा वारा लागला की तेही बिघडेल, तुझ्यासारखं," एल्झीर बोलून गेली, आणि शब्द मागे घेणं तिला कधी जमलं नाही. हट्टात दोघी एकमेकींना भारी.

उतारावरचं थाइम उग्र, ओव्यासारखं जिभेला झोंबणारं. खळग्यातलं मात्र मऊ वासाचं, गवती चहाच्या जवळ जाणारं. आजारपणात आई त्याचाच काढा द्यायची. मरण्यापूर्वी एकदा तरी तो प्यावा, एवढीच एल्झीरची इच्छा उरली होती. पण गेली काही वर्षं तो वास सापडत नव्हता.

खळग्यात तिने एक पान चुरगळलं. दुसरं. तिसरं.

"तू बघ गं. माझं नाक म्हातारं झालंय."

"नाक ठणठणीत आहे, मावशी. थाइमच उग्र आहे."

"मग माती बाटली म्हणायची!"

सिदोनी रोपवाटिकेत कामाला होती. "माती नाही गं. वास बीजातच ठरलेला असतो. पूर्वी इथे थंडी साचायची, त्यात उग्र जात मरायची आणि ही नाजूक तेवढी तगायची. आता तशी थंडीच पडत नाही. वरची जात खाली उतरली."

मग तिने पिशवीतून एक छोटी कुंडी काढली. एल्झीर वाकली आणि वाकलेलीच राहिली. आईच्या हातचा काढा, जसाच्या तसा.

"हे कुठलं?"

"सेतचं. आईच्या खिडकीतलं, तेच झाड. आई दर चार-पाच वर्षांनी फांदी लावून नवं करायची. उन्हाने वास जरा कमी-जास्त व्हायचा, बदलला मात्र कधी नाही. म्हणायची, एल्झीर येईल तेव्हा काढा करू. टोमणा मारेलच, पण पिईल."

एल्झीर तिथेच दगडावर बसून रडली. ज्या वासासाठी ती दरवर्षी इथे वणवण करत होती, तो बहिणीने तिच्यासाठी खिडकीत जपला होता, आणि बस पकडून तिथे जाणं काही अवघड नव्हतं. बहिणीची इतकी आठवण तिला कधीच आली नव्हती.

"लावूया इथे?" सिदोनीने विचारलं.

"या दांडगटांत? नको. याचं बी त्यांच्यात मिसळून जाईल."

"मग घरी चल, काढा करते."

एल्झीरने डोळे पुसले, कुंडी छातीशी धरली. "घरी नको. सेतला घेऊन चल. तिच्याच स्वयंपाकघरात पिईन. तिने बोलावलं होतं ना मला."