तारेवरचं दुपटं

मावशींच्या गाढवाचं नाव साहेब. दिवसभर एका जागी उभं राहायचं, नजरेत भरेल असं काम काही करायचं नाही आणि मध्येच सगळ्यांवर ओरडायचं, म्हणून साहेब. नाव माझ्या नवऱ्यानं ठेवलं आणि मावशींना ते इतकं आवडलं की त्याही तेच म्हणायला लागल्या. "साहेबांना पाणी दाखवून येते," म्हणत बादली उचलायच्या.

मावशी नात्यानं आमच्या कुणी नव्हेत, शेजारीण. नवऱ्याला धान्याच्या गोदामात नोकरी लागली म्हणून आम्ही या शेताकडेच्या घरात राहायला आलो, तेव्हा पहिल्या दिवशी दूध त्यांनी दिलं. आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून तारेचं कुंपण दिसतं, आणि कुंपणापलीकडे त्यांची मेंढरं. नवरा गेल्यावर हाताशी राहिलं ते हे एवढंच, असं त्या सांगायच्या. रडक्या सुरात नाही, आपण घराचा नंबर सांगतो तसं.

गाढव त्यांनी मेंढरांच्या राखणीला आणलं होतं. माळावरची कोंबड्यांची शेड बंद पडली आणि तिथं टाकलेल्या मेलेल्या कोंबड्यांवर पोसलेली कुत्री एकदम उपाशी झाली. टोळी करून हिंडायला लागली. आधी कुणाचं करडू गेलं, मग कुणाची शेळी. गाढवाला कुत्र्याचा उपजतच राग. कुत्रं दिसलं की ते आधी कान मागे टाकून रेकतं, आणि तरीही जवळ आलं तर पुढच्या पायांनी तुडवतं. साहेब आल्यापासून मावशींच्या मेंढराला कुत्र्याचा दात लागला नव्हता.

अडचण एवढीच की साहेब दुपारी रेकायचा आणि माझं बाळ दुपारीच झोपायचं.

बाळ तेव्हा आठ महिन्यांचं. रात्री ते झोपायचं नाही, झोपलं तरी मी झोपायची नाही. ते श्वास घेतंय का हे बघायला नाकाखाली बोट धरून बसायची. नवरा म्हणायचा, "अगं, त्याला श्वास घ्यायला तुझ्या परवानगीची गरज नाहीये." त्याला हसू यायचं, मला नाही. दुपारची ती झोप हाच काय तो माझा विसावा, आणि नेमकं डोळा लागतोय म्हणेपर्यंत पलीकडून ते फाटक्या भोंग्यासारखं सुरू व्हायचं. बाळ दचकून दोन्ही हात वर टाकायचं आणि मग तासभर रडायचं.

शेवटी मी मावशींकडे गेले. घरून चार वाक्यं तयार करून गेले होते. अत्यंत समंजस वाक्यं.

"मावशी, तुमची अडचण मला कळतेय, पण लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीसाठी झोप फार..."

"साहेब ओरडतो म्हणून ना?" त्या म्हणाल्या. "मलाच वाटत होतं तू कधी येतेस. बस. चहा टाकते."

चहा होईपर्यंत तोडगाही त्यांनीच काढला. "असं कर. बाळ झोपलं की त्याचं दुपटं टाक त्या तारेवर. ते पिवळं, बदकांचं. मला कुठूनही दिसतं. ते दिसलं की मी साहेबाला मागच्या पत्र्याच्या खोपीत नेऊन कोंडते. तिथून ओरडला तरी एवढं ऐकू येत नाही. आणि तेवढा वेळ मी इथंच मेंढरांपाशी बसते. बाळ उठलं की दुपटं काढ, मी त्याला परत आणून बांधते. झालं?"

"तुम्हाला त्रास."

"त्रास कसला. लेकराची झोप आहे."

आणि चाललं ते छान. मी दुपटं टाकायची, पलीकडे मावशी हातातलं काम ठेवून उठायच्या, साहेबाचा दोर सोडायच्या. त्याची मान खाली, मागं वळून वळून बघत जाणं, अगदी बदली झालेल्या अधिकाऱ्यासारखं. मग मावशी भाजी निवडत नाहीतर दोर वळत मेंढरांजवळ बसायच्या. मी दुपटं काढलं की लगेच साहेब हजर. एखाद्या दिवशी मला उशीर झाला तरी त्या हाक मारून विचारायच्या नाहीत. हाकेनं बाळ उठेल म्हणून.

त्या दिवशी बाळ लवकर उठलं. उठलं ते हसतच, असं कधी होत नाही. मी त्याला जमिनीवर चादर टाकून बसवलं, पुढं वाटी-चमचा दिला. तो वाजवत बसला. मी चहा केला, गरम होता तोवर प्यायला घेतला, आणि बाळंतपणाच्या आधी अर्धवट राहिलेलं पुस्तक उघडलं. खिडकीतून दुपटं दिसत होतं. वाऱ्यानं त्याचं एक टोक उचललं जात होतं. काढायचं होतं, हे मला आठवत होतं. विसरले असते तर आज हे सगळं वेगळ्या तोंडानं सांगता आलं असतं. मला आठवत होतं, आणि मी म्हटलं, राहू दे थोडा वेळ. साहेब आला की ओरडणार. किती दिवसांनी एवढं शांत वाटतंय. हे पान संपू दे.

पान संपलं, मग पुढचंही संपलं.

मग मागच्या खोपीतून पत्र्यावर लाथा बसल्याचा आवाज आला, आणि साहेबाचं रेकणं, दबकं, लांबून. माझ्या मनात आलं, ओरड बाबा, बाळ जागंच आहे. हे मनात आल्याचंही मला आठवतं.

नंतर मेंढरं ओरडली.

मी बाळाला कडेवर घेऊन खिडकीशी गेले. मावशी जागेवर नव्हत्या. पाच-सहा कुत्री कुंपणाच्या आत होती. एकाच्या गळ्यात दोराचा तुकडा लोंबत होता, म्हणजे ते कधीतरी कुणाच्या तरी दारचं होतं. ती भुंकत नव्हती. कामाला आल्यासारखी वागत होती. एक पुढून, दोन मागून. मेंढरं एकमेकांत घुसून कोपऱ्यात ढीग झाली होती, आणि एक कोकरू ढिगाच्या बाहेर राहिलं होतं.

मी ताटावर पळी बडवली. खिडकीतून ओरडले. एका कुत्र्यानं मान वर करून बघितलं, माझ्याकडे नाही, बाळाकडे. निदान मला तसं वाटलं. मी दाराची कडी लावली. वरचीही लावली. खोप तिथून लांब नव्हती, पण मध्ये कुत्री होती आणि कडेवर बाळ होतं, म्हणून मी गेले नाही. याबद्दल मला कुणी बोल लावणार नाही, मीही लावत नाही. लाज याची नाही.

ओरडा ऐकून मावशी पाटाच्या बाजूनं धावत आल्या. हातात विळा, डोक्यावरचा गवताचा भारा वाटेतच टाकलेला. त्या अशा काही ओरडल्या की कुत्री बिथरून पांगली. आणि मी खिडकीतून बघितलं, तर त्यांच्या आणि माझ्या मध्ये तारेवर ते पिवळं दुपटं, बदकांसकट, तसंच.

आता काढलं तर त्यांना दिसेल की मी आत्ता काढलं. तेव्हा मी वेगळंच केलं. बाळाला पाळण्यात ठेवलं आणि थोपटायला लागले. कुणी घरात आलंच तर ते झोपलेलं दिसावं म्हणून. पलीकडे मावशी मेंढरांची नावं घेत होत्या, एकेकीला हाक मारून कोण उरलंय ते बघत होत्या, आणि मी टक्क जाग्या मुलाला अंगाई म्हणत होते. त्याला वाटलं खेळ आहे. तो पाय झाडून हसत राहिला.

दोन मेंढ्या आणि ते कोकरू गेलं. तिसऱ्या मेंढीची मांडी फाटली. गुरांचा डॉक्टर टाके घालून गेला, तेव्हा मी कुंपणापाशी गेले. मावशी तांब्यातल्या पाण्यानं हात धूत होत्या. पाणी लाल होऊन खाली जात होतं.

"झोपमोड झाली असेल ना बाळाची?" त्यांनी विचारलं.

"हो," मी म्हटलं.

"एवढा आरडाओरडा. होणारच." त्यांनी पदराला हात पुसले. "आज जास्तच झोपला गं तो. मी वाट बघत होते दुपटं निघायची. ऊन कलायला लागलं, गवत तर आणायला हवं होतं. म्हटलं झोपू दे त्याला, आत्ता जाऊन येते. माझंच चुकलं. साहेबाला इथं बांधून जायला हवं होतं. पाच मिनिटं ओरडला असता तर काय बिघडलं असतं."

मी मान हलवली. कशाला हलवली कुणास ठाऊक.

घरी नवरा म्हणाला, "तू कशाला जिवाला लावून घेतेस? तू बाळाला निजवत होतीस. तुझा काय दोष?" मी म्हटलं, डोकं दुखतंय. त्यानं माझं डोकं दाबून दिलं. कुणी आपल्याशी इतकं चांगलं वागू नये असं वाटण्याची ती माझी पहिली वेळ.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशींचे दीर आले. त्यांचा आवाज मोठा, आमच्या ओट्यापर्यंत स्वच्छ ऐकू येत होता.

"वहिनी, राखणीला आणलेलं गाढव खोपीत बसून राखण करतं होय? खाण्यापुरता मालक आणि वेळेला पाहुणा. विकून टाका. माणूस टेम्पो घेऊन येतोय. मेंढरंही काढा आता. तुमच्याच्यानं होत नाही हे."

"त्यानं काय करावं, मीच कोंडलं होतं त्याला," मावशी म्हणाल्या.

"तेच म्हणतोय. तुमच्याच्यानं होत नाही."

मावशी म्हणजे रोज कुणालाही टोला परत करणारी बाई. मी खिडकीतून बघितलं, तर त्या खाली मान घालून जखमी मेंढीच्या मांडीवरची माशी हाकत होत्या, आणि दीर साहेबाचा दोर सोडत होते.

बाळ झोपलं होतं, खरंच झोपलं होतं. मी खिडकी उघडी ठेवली, दार ओढून घेतलं आणि कुंपणाच्या फाटकातून आत गेले. या खेपेला वाक्यं तयार केलेली नव्हती.

"बाळ जागं होतं," मी म्हटलं.

दीर थांबले. "काय?"

"काल. बाळ कधीच उठलं होतं. दुपटं मी काढलं नाही."

"विसरलीस होय," मावशी म्हणाल्या. घाईनं म्हणाल्या, मला हात द्यावा तशा. तिथं मी हो म्हटलं असतं तर सगळं तिथंच मिटलं असतं.

"नाही. आठवत होतं. मुद्दाम ठेवलं."

"का?"

"शांत वाटत होतं."

दिरांनी एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा गाढवाकडे. "शांत," ते म्हणाले. "वा. तीन जनावरं गेली, आता शांतच शांत. शिकलेल्या बाईला शांतता लागते, त्याला आपण काय बोलणार."

 

"भाऊजी, साहेबाला बांधा परत," मावशी म्हणाल्या.

"टेम्पो निघालाय, वहिनी."

"निघाला तसा परत जाईल. बांधा. तिकडे नको, मेंढरांपाशी."

ते पुटपुटत बांधायला गेले. मावशी अजून माझ्याकडे बघत नव्हत्या. मेंढीच्या टाक्यांवरून बोट न लावता बोट फिरवत होत्या, मोजल्यासारखं.

"काल मी विचारलं झोपमोड झाली का," त्या हळू म्हणाल्या. "तू हो म्हणालीस."

"हो."

"रात्रभर मी स्वतःला शिव्या घातल्या."

मला काहीतरी म्हणायचं होतं. भरपाई असा शब्द तोंडात आला होता, तो मी गिळला. त्या क्षणी तो फार स्वच्छ कपड्यातला शब्द वाटला. पुढे नवऱ्यानं दिरांशी बोलून जे द्यायचं ते दिलं, ते वेगळं.

"इकडे ये," मावशी म्हणाल्या. "हिचे पाय धर. मला एकटीला आवरत नाही ती."

मी खाली बसले. मेंढीचे पाय धरले. आत हाडं एवढी बारीक असतात हे मला माहीत नव्हतं. त्यांनी औषध मारलं तशी तिनं अंग झटकलं आणि माझी पकड सुटली.

"नीट धर. सोडायचं नाही."

तेव्हापासून रोज मी जाते, टाके काढेपर्यंत जायचं ठरलंय. दुपटं त्यांनी त्याच संध्याकाळी आणून दिलं होतं, घडी घालून. फाटकावर ठेवलं आणि गेल्या. पूर्वी हाक मारून हातात दिलं असतं. साहेब आता दुपारभर मेंढरांपाशी असतो आणि मनात येईल तेव्हा रेकतो. बाळ उठतं. मी खिडकी लावत नाही.

मावशी माझ्याशी बोलतात. धर, सोड, तो कापूस दे, एवढं. बाळाचं काही विचारत नाहीत.

आज औषध लावत असतानाच साहेबानं कान मागे टाकले. लांब माळावर काहीतरी हललं, आणि त्यानं जो सूर लावला तो थेट आमच्या खिडकीत शिरला. पलीकडे बाळ दचकून रडायला लागलं. मी मान वर केली, पण हात मेंढीच्या पायांवर तसेच ठेवले.

"जा," मावशी म्हणाल्या.

"हे होऊ दे. रडेल थोडा."

त्यांनी माझ्या हातांतून मेंढीचे पाय काढून घेतले आणि स्वतःच्या गुडघ्याखाली दाबले. नजर जखमेवरच होती.

"जा म्हटलं ना. लेकरानं काय केलंय."