भुरीच्या गळ्यातली चिठ्ठी

मुलीला, ऋजुताला, एडिनबराच्या युनिव्हर्सिटीत सोडून आल्यानंतर तिसऱ्या दिवशी ते मांजर पहिल्यांदा आलं. त्याआधीही ते कुंपणावरून येत-जात असेल, पण तेव्हा बघायला वेळ कुणाला होता? आता आश्लेषाला वेळच वेळ होता. नवरा अवधूत कामासाठी आठवड्यातले चार दिवस लंडनला असायचा. कॉव्हेंट्रीतल्या त्या तीन बेडरूमच्या घरात संध्याकाळी सहानंतर फ्रिजच्या आवाजाशिवाय दुसरा आवाज नव्हता.

मांजर राखाडी होतं, मादी, फासळ्या मोजता येतील इतकी वाळलेली. गळ्यात पट्टा नाही. काचेच्या दारापाशी बसून ती आत बघत राहिली. आश्लेषाने ट्यूना माशाचा डबा फोडला आणि बशी बाहेर ठेवली. मांजरीने बशी चाटूनपुसून लख्ख केली, आणि आश्लेषाला कित्येक दिवसांनी कुणालातरी पोटभर जेवू घातल्यासारखं वाटलं. तिने तिचं नाव भुरी ठेवलं.

त्याच वर्षीच्या जुलैत ते तिघं ग्रीसमधल्या क्रीट बेटावर जाऊन आले होते. तिथं खानावळीतल्या टेबलांखाली मांजरं निवांत लोळत होती, मालक जाता जाता माशाची डोकी टाकत होता, दुकानादुकानापुढे पाण्याचं भांडं होतं. बाकीचे समुद्राचे फोटो काढत होते आणि आश्लेषा मांजरांचे. मिरजेला माहेरी असंच असे. मांजर कुणाच्याच नावावर नसे, दूध मात्र चार घरचं पीत असे.

"आमच्या थेस्सालोनिकीत मांजर गल्लीचं असतं," एलेनी म्हणाली. एलेनी ग्रीसची, आश्लेषाच्याच हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट होती. दोघी दुपारचा डबा बरोबर खायच्या. "एक बाई पाणी ठेवते, दुसरी खायला घालते, तिसरी नेऊन ऑपरेशन करून आणते. माझी चुलत बहीण म्युनिकला असते, तिनं बाल्कनीला जाळी ठोकलीय. तिच्या मांजरानं जन्मात रस्ता पाहिलेला नाही. आणि इथले लोक मांजर पाळतात, पण दार उघडं सोडतात!"

एलेनीच्या बोलण्यातलं शेवटचं वाक्य आश्लेषाने ऐकलं, पण मनात ठेवलं ते गल्लीच्या मांजराचं.

इथेच वाढलेल्या ऋजुताने मात्र फोनवर ते शेवटचंच सांगितलं. "आई, ती कोणाचा तरी कॅट असणार. इथं लोक सगळा दिवस बाहेर सोडतात ना. त्याचा घर असतो."

"अगं, किती वाळलीय बघ. घर असतं तर अशी असती का?"

"मग व्हेटकडे ने ना. चिप स्कॅन करतात. दोन मिनिटं लागतात."

"नेते," आश्लेषा म्हणाली. नेलं नाही. मांजराच्या कातडीखाली मालकाची माहिती असलेली चिप बसवणं इथं आता कायद्यानंच सक्तीचं आहे, हे तिला ठाऊक होतं. दोन मिनिटांत काय कळेल याची तिला भीती होती.

ऑक्टोबरच्या मध्यावर भुरी आली ती गळ्यात कागदाची पट्टी घेऊन. साध्या कागदाची, चिकटपट्टीने जोडलेली. आश्लेषाने तिला मांडीवर घेऊन पट्टी फिरवून फिरवून वाचली. म्हाताऱ्या माणसाचं थरथरतं अक्षर होतं: "मला कुणी खायला देतं का? मला किडनीचा आजार आहे. कृपया देऊ नका. कृपया फोन करा." खाली नंबर.

इथं एक सांगायला हवं. आश्लेषा किडनीच्या वॉर्डात डाएटिशियन होती. सोळा वर्षं ती पेशंटच्या नातेवाइकांना हेच सांगत आली होती. प्रेमापोटी आणलेला घरचा डबा माणसाला कसा महागात पडतो, हे ती इतक्या समजुतीने सांगायची की लोक रडायचे आणि डबे परत न्यायचे. मांजर वाळलेलं का आहे, रोज भांडंभर पाणी का पितं, हे सगळं पट्टी वाचताक्षणी तिला कळलं. किंबहुना आधीच कळायला हवं होतं.

भुरी तिच्या हाताला डोकं घासत होती. आश्लेषाने पट्टी काढली, चुरगळली आणि कचऱ्याच्या डब्यात, चहाच्या चोथ्याखाली दाबली. आजच्या दिवस देऊ, उद्या फोन करू, असं ती मनाशी म्हणाली. त्या दिवशी तिने ट्यूना जरा कमी वाढला, आणि तेवढ्यावर स्वतःची समजूत घातली.

आठ दिवसांनी दुसरी पट्टी आली. मजकूर तोच होता, फक्त शेवटी एक शब्द वाढवलेला, दोनदा अधोरेखित केलेला: "कृपया." तीही चोथ्याखाली गेली.

नोव्हेंबरमधल्या एका रविवारी सकाळी भुरी मागच्या पायरीवर पडलेली सापडली. उलट्या झालेल्या, मान उचलत नव्हती. अवधूत घरी होता. त्याने टॉवेलात गुंडाळून तिला गाडीत ठेवलं आणि रविवारी उघडं असलेलं व्हेटचं क्लिनिक शोधून काढलं. तिथल्या मुलीने मानेवरून यंत्र फिरवलं. बीप वाजला.

"हिचं नाव मार्गो," मुलगी स्क्रीनकडे बघत म्हणाली. "मालकांचा नंबर आहे. कळवते त्यांना."

वीसेक मिनिटांत टॅक्सीने एक गृहस्थ आले. ऐंशीच्या पुढचे, अंगात घाईत चुकीच्या काजांत बटणं लावलेला स्वेटर, दोन्ही हातांना कंप. मिस्टर हॉलिस. पत्ता निघाला तो आश्लेषाच्या घरामागच्या गल्लीतला. दोन्ही बागांच्या मध्ये एक कुंपण.

"तुम्ही आणलंत तिला?" त्यांनी आश्लेषाचे दोन्ही हात धरले. "फार उपकार झाले. माझ्या बायकोची मांजर आहे ही. ती गेली, आता घरात सोबत ही एवढीच."

"अहो, कुणीही केलं असतं," अवधूत संकोचून म्हणाला. त्याला पट्ट्यांबद्दल काही माहीत नव्हतं.

व्हेट बाहेर आली. किडनीचे आकडे फार चढले होते. पाणी चढवावं लागणार होतं, दोन-तीन दिवस तरी. मग तिने हॉलिसना विचारलं, "हिला काय काय देता खायला?"

"फक्त तुमचं औषधी खाणं. दुसरं काहीच नाही."

"कधी एखादा तुकडा? ट्यूना वगैरे? होतं असं. आपल्याला वाटतं, थोड्यानं काय बिघडणार."

"नाही हो. खरंच नाही." म्हाताऱ्याचे कान लाल झाले. "मी सगळं वजन करून देतो."

व्हेटच्या चेहऱ्यावर समजूतदार अविश्वास होता. आश्लेषाला तो चेहरा चांगला ओळखीचा होता. वॉर्डात तो तिचाच असायचा.

बोलायची वेळ ती होती. तीन पावलांवर म्हातारा उभा होता, न केलेल्या चुकीसाठी मान खाली घालून. आश्लेषाने तोंड उघडलं आणि म्हणाली, "अवधूत, आपण निघूया का?"

घरी येईपर्यंत ती गाडीच्या खिडकीबाहेर बघत राहिली. सोमवारी डब्याच्या वेळी तिने एलेनीला सगळं सांगितलं, पट्ट्यांसकट. सांगताना तिच्या मनात कुठेतरी आशा होती की एलेनी म्हणेल, आमच्याकडे असं चालतंच, यांच्याच पद्धती विचित्र.

एलेनीने काटा खाली ठेवला. "दोनदा?"

"हो."

"आमच्याकडे मांजर सगळ्यांचं असतं, आश्लेषा. सगळ्यांचं असतं म्हणूनच एकीला कळलं की ते आजारी आहे, तर ती गल्लीभर सांगते. लपवत नाही." मग आवाज खाली आणून, "माझ्या गावाचं नाव यात घेऊ नकोस."

संध्याकाळी तिने अवधूतला फोनवर सांगितलं. "मी त्यांना 'कुणीही केलं असतं' म्हणालो गं," एवढंच तो बोलला. तो रागावला असता तर तिला बरं वाटलं असतं.

बुधवारी ती हॉलिसच्या दारात उभी राहिली. मांजर त्याच सकाळी घरी आलं होतं; हॉलिस फोन न करता आलेल्या पाहुणीला बघून खूश झाले. आत या म्हणाले, किटली लावतो म्हणाले.

"नको. मला आधी सांगायचंय." आणि उभ्या उभ्याच तिने सांगितलं. ट्यूनाचं, पहिल्या पट्टीचं, दुसऱ्या पट्टीचं, क्लिनिकात गप्प बसल्याचं. आपण काय काम करतो तेही सांगितलं. एकही सबब जोडायची नाही, असं तिने ठरवलं होतं. मुलगी घर सोडून गेल्याचं जिभेवर आलं होतं, ते तिने गिळलं.

हॉलिसनी दाराची कड धरली. "दुसरी चिठ्ठी लिहिताना मला वाटलं," ते म्हणाले, "पहिली पावसात भिजून गेली असेल. म्हणून मी जरा जाड कागद घेतला."

आश्लेषाला वर बघवलं नाही.

"व्हेटला वाटलं मी खोटं बोलतोय."

"मी त्यांना फोन केलाय आज. खरं काय ते सांगितलंय."

"बरं केलंत," ते म्हणाले. "आता तुम्ही जा."

दार लागलं. आपटलं नाही, नुसतं लागलं.

पुढचे तीन आठवडे मागच्या बागेत मांजर दिसलं नाही. हॉलिसनी तिला घरातच ठेवलं होतं. आश्लेषाने मागच्या खोलीचे पडदे ओढून घेतले, कारण उघडले की त्यांच्या खिडकीत ती राखाडी पाठ दिसायची. वॉर्डात एका बाईने नवऱ्यासाठी चोरून लोणचं आणलेलं सापडलं तेव्हा आश्लेषा तिला समजवायला गेली. शेवटी ती नुसती तिच्याजवळ बसून राहिली.

डिसेंबरात एका शनिवारी दुपारी बेल वाजली. दारात हॉलिस होते, टोपी हातात घेऊन. "एक दिवसाआड तिच्या कातडीखाली पाणी चढवावं लागतं," ते रस्त्याकडे बघत म्हणाले. "सुई मी टोचतो कशीबशी. पण धरायला दुसरं माणूस लागतं. माझी मुलगी यायची, तिचा पाय मोडलाय. तुमच्याशिवाय या बाजूला मी कुणाला ओळखत नाही."

"येते," ती म्हणाली आणि तशीच चपला घालून निघाली.

त्यांच्या स्वयंपाकघरात टेबलावर टॉवेल अंथरलेला होता. या वेळी किटलीचं नाव निघालं नाही. हॉलिसनी मांजर आणून तिच्या हातात दिलं. अगदी हलकं झालं होतं. आश्लेषाने ते छातीशी धरलं, आणि मार्गोने तिच्या मनगटाचा वास घेतला, ओळखलं, डोकं तिच्या कोपरात खुपसलं आणि गुरगुरायला लागली. त्या छोट्याशा खोलीत तो आवाज केवढा तरी मोठा वाटला.

हॉलिसचा सुई धरलेला हात थांबला. त्यांनी मांजराकडे बघितलं, मग आश्लेषाकडे.

"तिला तुम्ही आवडता," ते म्हणाले.

आश्लेषाचा चेहरा कानापर्यंत तापला. मांजर खाली ठेवून पळून जावंसं वाटलं. पण हात हलवले असते तर सुई चुकली असती. ती मान खाली घालून तशीच धरून राहिली, पिशवीतलं पाणी थेंब थेंब संपेपर्यंत.

"सोमवारी चार वाजता," हॉलिस सुई काढत म्हणाले.

"येईन," ती म्हणाली.