वरच्या थरातलं पाणी

बोअर मारणाऱ्या गाडीचा ऑपरेटर खोलीवर पोहोचण्याआधीच पाणी लागल्याची बातमी मावशींकडे पोहोचली होती. तो आला तेव्हा घरातली झाडून सगळी भांडी घासून अंगणात ओळीने मांडलेली होती, आणि मावशी ओल्या हातांनीच मुलाशी फोनवर बोलत होत्या.

"अरे, खोटं कशाला सांगू? माणसाच्या डोक्यावरून उडालं म्हणे. आमचे ऑपरेटर आहेत ना, त्यांच्याच मशीनला लागलंय."

मावशी म्हणजे त्याची घरमालकीण. खोली देताना त्यांनी एकच अट घातली होती, आंघोळ एका बादलीत उरकायची. पाणी उताराखालून वाहून आणावं लागे. त्याला कंटाळून मुलगा आणि सून शहरात निघून गेले होते. इथे पाणी लागलं तर परत येऊ, असं मुलगा जाताना म्हणाला होता. माणूस जाताना काहीही म्हणतो, पण मावशींनी ते मनात धरून ठेवलं होतं.

"रविवारी येतोय बघायला," फोन ठेवत त्या म्हणाल्या. "सूनही येतेय."

ऑपरेटर जेवायला बसला. हे बोअर पाण्यासाठी नव्हतंच. जमिनीच्या पोटात खोल, दीड किलोमीटरवर कसला खडक आहे ते बघायचं होतं. भोक पूर्ण झालं की केबलला बांधून एक यंत्र आत सोडायचं, आणि ते वर येता येता थराथराची नोंद करणार. वरच्याच थरात लागलेलं पाणी म्हणजे या कामातली नसती कटकट. लोखंडी पाइप उतरवायचा, त्याच्या बाहेरच्या फटीत सिमेंट भरायचं, की पाणी कायमचं बंद. आजवर असं किती पाणी बंद केलं, याचा त्याने कधी विचारही केला नव्हता. मावशींना लगेच सांगण्याचं धाडस त्याला झालं नाही. आधी मॅडमना विचारून बघू, असं त्याने ठरवलं.

मॅडम म्हणजे साइटवरच्या भूगर्भतज्ज्ञ. सकाळी तो त्यांच्या तंबूत गेला.

"मॅडम, शेजारी एक छोटं भोक मारू का? पाण्यापुरतं. गाडी उभीच आहे."

"मी कालच ऑफिसला फोन करून विचारलं. पाण्याचं खातं वेगळं आहे म्हणाले. आपल्याला परवानगी एकाच भोकाची. दुसरं मारलं तर हेही बंद पाडतील."

"मग हेच तसं सोडलं तर?"

"तुम्हीच सांगा, काय होईल?"

उत्तर त्याला पाठ होतं. भोकाच्या भिंती ढासळतील, यंत्र आत अडकून बसेल, थराथरांचं पाणी एकमेकांत मिसळून नोंदींचा पार विचका होईल. नव्या पोरांना तो हेच तर शिकवत आला होता. समोर भांडायला एखादा वाईट माणूस असता, तर त्याला बरं वाटलं असतं.

"रिपोर्टमध्ये पाण्याची खोली लिहीन मी. ठळक अक्षरांत."

"वाचतं कोण तो?"

"दगडवालेच," मॅडम म्हणाल्या. त्या हसायला गेल्या, पण हसू काही आलं नाही.

दुपारी सिमेंट सोडलं. हे काम दुसऱ्याला सांगता आलं असतं, पण ते त्याला पटेना. पंप त्याने स्वतः चालू केला.

संध्याकाळी तो उंबऱ्यातच थांबला. "मावशी, पाणी बंद केलं."

"कुणी?"

"मी."

मावशी खाली बसल्या. "संपलं का ते?"

"नाही. आहे तिथेच आहे. भरपूर आहे."

"मग?"

त्याने पाइप, सिमेंट, खालचा खडक, सगळं समजावून सांगितलं. डॉक्टरचं ऐकावं तसं त्यांनी ते ऐकून घेतलं.

"म्हणजे खालचे दगड बघायचेत," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. राग असता तर ते त्याला सोपं गेलं असतं.

तेवढ्यात फोन वाजला. मुलाचाच होता. मावशींनी तो न उचलता ऑपरेटरच्या हातात दिला.

"तुम्हीच सांगा त्याला. त्याला वाटेल, बोलवून घ्यायला आई थापा मारते. पाणी खरंच लागलं होतं, एवढं सांगा."

ऑपरेटरने फोन कानाला लावला. "लागलं होतं. मी डोळ्यांनी पाहिलंय."

"होतं म्हणजे? आता नाही?"

पलीकडे मागून सुनेचा आवाज आला, "अहो, बॅग भरू की नको?"

काय सांगावं, ते विचारायला ऑपरेटरने मावशींकडे पाहिलं. त्या केव्हाच अंगणात गेल्या होत्या आणि घासलेली भांडी, आवाज न करता, एकेक करून पालथी घालत होत्या.