फोनला न पटलेला जावई

माझ्या मोठ्या भावाची बायको, मंगतायारू वहिनी, हिने आपल्या मुलीसाठी आलेली तीन चांगली स्थळं केवळ टक्कल आहे म्हणून परत पाठवली. त्यातला एक डॉक्टर होता. "ज्याला स्वतःच्या डोक्यावर केस आणता येत नाहीत, तो दुसऱ्याचं काय बरं करणार?" असं ती त्याच्या आईसमोर म्हणाली. मी शेजारीच बसलो होतो. माझ्या डोक्यावरही कानांमागची झालर सोडली तर काही नाही. पण मी पडलो दीर. दीर परत पाठवता येत नाही.

शेवटी वहिनीने तिरुमलच्या देवाला नवस बोलला. हैमवतीला भरघोस केसांचा नवरा मिळू दे, त्याचे केस तुझ्या पायाशी वाहीन. ज्याचे केस त्याला विचारायचं असतं, असं आमच्या तेनालीत कुणी मानत नाही. वर्षाच्या आत चिराल्याचा भानुमूर्ती सापडला. मोबाईल दुरुस्तीचं स्वतःचं दुकान, बोलणं गोड, आणि भुवयांपर्यंत लोंबणारे काळेभोर केस. वहिनीने मुलगा पसंत केला तो केसांपासून खाली बघत.

लग्न झालं, पण नवस काही फिटेना. जावयाला कधी दुकान आडवं यायचं, कधी ताप. अखेर वहिनी म्हणाली, "देव थांबेल, मी नाही." आणि आम्ही पाच जण निघालो.

घाटातल्या बसमध्ये भानुमूर्ती माझ्याशेजारी बसला होता. वहिनी आणि माझा भाऊ, आमचे अन्नय्या, पुढच्या बाकावर, हैमा त्यांच्या मागे.

"बाबाय," काकाला मारायची हाक मारत तो माझ्या कानाशी आला, "टकल्या माणसाचं मुंडण होतं का हो?"

"माझं होतं की. न्हावी वस्तरा लावेपर्यंत संपतं. का रे?"

त्याने माझं बोट धरलं आणि आपल्या कानामागे केसांखाली नेलं. तिथे एक कड लागली. साडीच्या फॉलसारखी.

मी बोट काढून घेतलं. "हैमाला माहीत आहे?"

"लग्नानंतर चार दिवसांत कळलं. दिवसभर हसली. मग रडायला लागली. म्हणाली, अम्माला कळलं तर ती मला घरी घेऊन जाईल, आणि मला जायचं नाही."

हे खोटं नव्हतं. वहिनीने आपल्या सख्ख्या बहिणीला नवरा घोरतो म्हणून दोन वर्षं माहेरी ठेवून घेतलं होतं. आणि "टकल्याच्या घरात माझी मुलगी एक रात्र राहणार नाही," हे तिने भर मांडवात, माझ्याकडे बघत सांगितलं होतं.

"टोप विजयवाड्याहून घेतलाय," भानुमूर्ती म्हणाला. "दुकानदार शपथेवर म्हणाला, याच डोंगरावरचे केस आहेत."

"मग घाबरतोस काय? टकल्याला लपायला या डोंगरासारखी जागा नाही. इथे जो वर चढतो, तो टकला होऊनच उतरतो. तू माझ्याबरोबर मुंडणाच्या दुसऱ्या दालनात चल."

तसंच केलं. न्हाणीघरात टोप उतरला, रुमालात गुंडाळून त्याच्या झोळीत तळाशी गेला. न्हाव्याने त्याच्या डोक्याकडे पाहिलं, मग माझ्या, आणि विचारलं, "बाप-लेक का?" डोक्याला चंदन फासून आम्ही बाहेर आलो.

वहिनीने जावयाचं तुळतुळीत डोकं पाहिलं आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. टक्कल बघून वहिनी गहिवरलेली मी प्रथमच पाहत होतो. "किती सुंदर केस होते हो," ती म्हणाली. "दिलेत देवाला. नवस फिटला. आणा ती झोळी इकडे. अल्लुडुगारूंनी ओझं वाहायचं?"

"राहू दे अत्तय्या."

"राहू दे काय? जावई आहात तुम्ही!"

झोळी तिच्या खांद्यावर गेली. भानुमूर्तीचा जीवही बहुधा तिकडेच गेला.

आता दर्शनाच्या तिकिटांची छापील प्रत हवी होती. तिकिटं भानुमूर्तीच्या फोनात होती. आदल्या दिवशी छापून घ्या म्हणून वहिनी मागे लागली होती, तेव्हा हा म्हणाला होता, "कागदाचं काय घेऊन बसलात अत्तय्या, माझा फोन माझं तोंड बघून उघडतो."

झेरॉक्सच्या दुकानासमोर त्याने फोन तोंडासमोर धरला. फोन थरथरला. 'चेहरा ओळखता आला नाही.'

पुन्हा धरला. पुन्हा तेच.

आमच्याकडे सल्ला मागावा लागत नाही. अन्नय्यांनी फोन घेऊन कॅमेऱ्याची काच उपरण्याने पुसली. हैमा म्हणाली, "अहो, उजेडाकडे तोंड करा." उजेडाकडे केलं. दुकानदार म्हणाला, "मान सरळ ठेवा. चष्मा असेल तर काढा." चष्मा नव्हताच. पुढचा-मागचा कुणीतरी म्हणाला, हसून बघा. भानुमूर्ती हसला. ते हसणं पाहून फोनच काय, मीही त्याला ओळखलं नसतं. गंमत म्हणजे हेच सगळे उपाय तो चिराल्यात गिऱ्हाइकांना सांगतो.

"मुंडण केलंय ना, म्हणून," हैमा घाईने म्हणाली. "केस गेले, फोन गोंधळला."

"असं होय," म्हणत अन्नय्यांनी आपला फोन आपल्या ताज्या टकलासमोर धरला. टुक् करून उघडला. अन्नय्यांना इतका आनंद झाला की त्यांनी तो बंद करून पुन्हा उघडून दाखवला.

वहिनीने नवऱ्याच्या फोनाकडे पाहिलं, मग जावयाच्या. "यांचा उघडला. तुमचा का नाही?"

"मॉडेल वेगळं आहे अत्तय्या."

"तेच आहे," दुकानदार म्हणाला. काही माणसांना विचारावंही लागत नाही.

"मग आकडे घाला की! पिन का काय असतो तो."

इथे आमचा मेकॅनिक घसरला. लोकांच्या फोनांचे पिन त्याला झोपेत पाठ. स्वतःचा फोन त्याने लग्नाआधी घेतला, एकदा पिन घातला आणि तोंडावर विसंबून विसरला. त्याने चाचपडत काही आकडे घातले. फोनने थोडा वेळ थांबायला सांगितलं. दर्शनाची रांग काही थांबणार नव्हती. हैमाच्या फोनवर तिकिटं पुन्हा काढायची, तर खात्रीचा आकडा, तो ओटीपी, येणार याच फोनवर.

मला कळत होतं काय झालंय ते. अन्नय्यांचं कपाळ मुंडणाआधीही कपाळच होतं. भानुमूर्तीचं कपाळ फोनने जन्मात पाहिलं नव्हतं. त्याला ठाऊक होता तो भुवयांपर्यंत झालर असलेला माणूस, आणि तो माणूस वहिनीच्या खांद्यावरच्या झोळीत होता.

भानुमूर्तीने माझ्याकडे पाहिलं. पिंजऱ्यातला उंदीरसुद्धा इतकं स्पष्ट बोलत नाही.

"वहिनी," मी म्हणालो, "झोळी द्या जरा, ह्याला न्हाणीघरात जायचंय."

"झोळी घेऊन? चंदनाचं लिंपण झालंय तोंडावर, फोन कसा ओळखेल? थांबा, मीच पुसते. रुमाल असेल ना यात?" आणि तिचा हात झोळीत गेला.

रुमाल निघाला. रुमालातून ते निघालं. वहिनीने आधी किंचाळून टाकलं, मग दोन बोटांनी उचललं, मग उन्हात धरलं.

काळेभोर केस. भरघोस. तिने पसंत केलेले.

आता संपलं, असं मला वाटलं. पण वहिनीचं डोकं कुठे धावेल हे तिच्या देवालाही सांगता येत नाही.

"परत आणलेत?" तिचा आवाज खाली गेला. "देवाला वाहिलेले केस... तुम्ही चोरून परत आणलेत?"

आजूबाजूची चंदनी डोकी वळली. कुणीतरी गोविंदा गोविंदा म्हणालं. देवाचे केस चोरणारा जावई! टकल्याच्या घरातून मुलगी परत येते. असल्याच्या घरातून तर भांडीसुद्धा परत आणतात.

"अम्मा, तसं नाही..." हैमा म्हणाली आणि पुढे तिला काही सुचेना.

एका बाजूला चोरी, दुसऱ्या बाजूला टक्कल. भानुमूर्ती दोघांच्या मध्ये उभा होता. मग त्याने अतिशय शांतपणे सासूच्या बोटांतून टोप घेतला, झटकला, डोक्यावर बसवला, भुवयांपर्यंत ओढला, आणि फोन तोंडासमोर धरला.

टुक्.



"किती प्रती?" दुकानदाराने विचारलं.

प्रती निघाल्या. वहिनी भानुमूर्तीकडे बघत होती. एकदा केसांकडे, एकदा त्याच्या कानामागून डोकावणाऱ्या चंदनाकडे, आणि मधेच उगीच माझ्याकडे. हैमाने नवऱ्याचा दंड धरून ठेवला होता, जणू कुणी एका बाजूने ओढणार आहे.

"काढा," वहिनी म्हणाली.

त्याने काढला. तिने तो घेतला आणि एकटी मुंडणाच्या इमारतीकडे चालू लागली. तिथे तिने कुणाला काय सांगितलं माहीत नाही. मंगतायारू वहिनीला अडवणारा अजून जन्माला यायचाय. विजयवाड्याच्या दुकानदाराची शपथ खरी असेल, तर ते केस आपल्या घरी पोचले.

वहिनी परतली तेव्हा तिचे हात रिकामे होते. मीच आधी पाहिलं. तिच्या पाठीवर गेली तीस वर्षं मनगटाएवढी जाड वेणी असायची. आता तिथे उंदराच्या शेपटीएवढी काहीतरी होती. गंगावन गेलं होतं, त्या टोपाबरोबर. अन्नय्यांनी ते पाहिलं आणि समोरच्या डोंगराकडे बघायला लागले. तीस वर्षांचा संसार असा टिकतो.

"चला, रांग बंद होईल," वहिनी म्हणाली. मग झोळी जावयाच्या हातात दिली. "ही तू घे. माझे खांदे दुखतात."

तू. हैमाने दंड सोडला.

फोन मात्र हटून बसला. तो त्या माणसाची वाट बघत होता, आणि तो माणूस देवाला वाहिला गेला होता. तेनालीला आल्यावर भानुमूर्तीने फोन पुसून कोरा केला आणि ओसरीवर बसून त्याला नव्याने आपला चेहरा शिकवू लागला. वहिनी स्वयंपाकघरातून ओरडत होती, "उजेडाकडे तोंड कर! मान सरळ!"

झाल्यावर ती हात पुसत बाहेर आली आणि आपला फोन त्याच्यापुढे धरला.

"माझाही पुन्हा शिकव."

भानुमूर्तीने तिच्या वेणीकडे पाहिलं, मग नजर खाली केली. "अत्तय्या, वेणी मागे असते. समोरून काही फरक पडत नाही."

"पडतो," वहिनी म्हणाली, आणि उजेडाकडे तोंड करून बसली.