आईच्या वासाचं पातळ

पोरं सांभाळणं म्हणजे बसल्या जागी कमाई, असं आसल्फ्यातल्या आमच्या चाळीत सगळ्यांना वाटायचं. मी म्हणायचे, या, एक दिवस बसून बघा. माझ्या नवऱ्याची, दशरथची, गिरणी संपानंतर उघडलीच नाही, आणि त्याला साकीनाक्याला वॉचमनची नोकरी लागेपर्यंत मी घरात पाळणाघर सुरू केलं होतं. खोली एक, पोरं पाच. त्यातला सगळ्यात लहान हरेश्वर, चार महिन्यांचा. कुलदैवताचं नाव एवढ्याशा जिवाला जड व्हायचं, म्हणून आम्ही त्याला हरू म्हणायचो.

त्याची आई जयंती आमच्याच चाळीत वरच्या मजल्यावर राहायची. साकीनाक्याच्या एका गाळ्यात ती प्लास्टिकच्या डब्यांना झाकणं बसवायची. सासूला, कृष्णाबाईंना, दम्याचा त्रास, त्यांच्याच्यानं पोर उचलवत नव्हतं. पण अक्कल द्यायला दम लागत नाही. पहिल्याच दिवशी हरूनं रडून चाळ डोक्यावर घेतली, तेव्हा त्या काठी टेकत खाली आल्या.

"आवशीचो वास असलो की पोर रडना नाय," त्या म्हणाल्या. "जयंतीचा नेसता पातळ दी त्याच्या नाकाकडे. आमच्याकडे सगळी तसाच करतत."

आमच्याकडेही तसंच करायचे. माझी आईदेखील वाफ्यात भात लावायला जाताना धाकट्याजवळ आपलं लुगडं ठेवून जायची. त्यामुळे मला त्यात काही वावगं दिसलं नाही. दुसऱ्या दिवसापासून जयंती रात्री नेसून झोपलेलं पातळ सकाळी बदलायची आणि न धुता, चौघडी करून पोराबरोबर द्यायची. हरू त्यात नाक खुपसायचा आणि झोपायचा. जादूच! मला बरंच वाटलं. खोटं कशाला बोलू?

पंच्याऐंशी सालचा एप्रिल होता. पत्रे तापलेले, माशा नुसत्या उतू चाललेल्या. त्या दुपारी हरू काही केल्या झोपेना. अर्धी बाटली प्यायला आणि पुन्हा भोकाड. मी त्याला गोधडीवर टाकलं, जयंतीच्या अबोली पातळाची घडी मोडली आणि त्याच्या तोंडावरून ओढली. माशाही बसणार नाहीत आणि वासही येईल, एका दगडात दोन पक्षी. तो चुळबुळला, मग गप्प झाला. मी दुसऱ्या पोराचे कपडे बदलले, बाटल्या उकळल्या. शेजारची रत्नप्रभा दारात आली, तर तिला मी कौतुकानं म्हटलं, "बघ, किती शहाणं बाळ आहे. दोन तास झाले, हूं की चूं नाही."

हे वाक्य मी मरेपर्यंत विसरणार नाही.

साडेतीनला दूध द्यायला पातळ बाजूला केलं, तर ओठ निळे पडलेले. मी त्याला छातीशी धरून नाक्यावरच्या डॉक्टरांकडे अनवाणी धावले. त्यांनी नळी लावली, डोळे बघितले आणि विचारलं, "तोंडावर काय होतं?"

पातळ म्हणायला मी तोंड उघडलं. तेवढ्यात माझ्या डोळ्यांसमोर जयंती आली, म्हणजे रोज सकाळी ती घडी माझ्या हातात देणारी जयंती. आपल्याच अंगावरच्या कपड्यात पोर गुदमरलं हे कळल्यावर ती कशी जगेल?

"माझी गोधडी," मी म्हणाले. "मी पांघरली होती."

चौकीत तोच जबाब दिला. दशरथनं रात्री विचारलं, "खोटं का बोललीस? बदनाम होशील." म्हटलं, होऊ दे. पांघरणारा हात माझाच होता, यात तरी काय खोटं होतं? पातळ मी ट्रंकेच्या तळाशी ठेवलं. धुवायचा धीर झाला नाही, जाळायचाही नाही.

दोन आयांनी आपली पोरं माझ्याकडून काढून घेतली. उरलेल्या दोघांना मी उघड्या सतरंजीवर उताणं झोपवायला लागले. उशी नाही, पांघरूण नाही, कोणाच्या आईचं काही नाही. दर थोड्या वेळानं नाकाशी बोट धरून बघायचे. बायका हसायच्या, वेड लागलं म्हणायच्या. हसा म्हटलं.

कृष्णाबाई मात्र रोज पाण्याच्या वेळी नळावर येऊन बसायच्या आणि सगळ्यांसमोर म्हणायच्या, "माझ्या नातवाक खाल्लंस गे! आग लागो तुझ्या गोधडीक!" मी हंडा भरून निघून यायचे.

महिन्यानं एका रविवारी जयंती दारात आली. त्या दिवसापासून ती माझ्याशी बोलली नव्हती. बारीक झाली होती.

"वहिनी, माझं अबोली पातळ तुमच्याकडे राहिलंय. त्याला अजून हरूचा वास असेल."

नाही कसं म्हणणार? मी ट्रंक उघडली.

"तेव्हा हे कुठं होतं?" तिनं विचारलं.

"पायाशी. होतं तसं, घडी करून."

"म्हणजे जवळ होतं तर." तिला जरा बरं वाटलेलं दिसलं. तिनं घडी मोडली आणि पातळ तोंडाशी नेलं. मग तिचा हात थांबला. मधोमध दुधाचा डाग होता, वाळून कडक झालेला, एवढ्याशा तोंडाएवढा. ट्रंकेत टाकताना मी बघितलंच नव्हतं.

"ओकला होता," मी घाईनं म्हणाले. "मी यानंच पुसलं."

जयंती त्या डागावरून बोट फिरवत राहिली. पायाशी घडी करून ठेवलेल्या पातळानं कोणी तोंड पुसत नाही, हे मलाही बोलल्यावर कळलं. ती खाली बसली. बराच वेळ आवाज न करता रडली. मला तिला जवळ घ्यायचं होतं, पण माझे हात पुढे होईनात.

मग तिनं डाग आत जाईल अशी घडी घातली आणि उठली.

"वहिनी, आईंना तुम्ही गोधडीच सांगा," ती म्हणाली. "पातळ द्यायला त्यांनीच सांगितलं होतं. त्या जगायच्या नाहीत."

दुसऱ्या दिवशी नळावर कृष्णाबाईंनी माझ्या गोधडीला पुन्हा आग लावली. जयंती माझ्या मागे रांगेत होती. तिनं मान खाली घातली. आधी माझा हंडा भरला, मग तिचा.